वहिनीचं अक्षर

‘स्क्रॅम्बलिंग म्हणजे कुलूप नव्हे.’ हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर ठळक लिहिते आणि त्याच्याखाली रेघ मारते. तरी परीक्षेत निम्मी पोरं लिहितातच, की संदेश गुप्त राहावा म्हणून त्याचं स्क्रॅम्बलिंग करतात. मग माझं डोकं फिरतं. पेपर तपासताना मी एकटीच ओरडत असते, "अरे, कानात बोळे घालून बसलावतास काय रं?" शेजारच्या टेबलावरचे सर हसून विचारतात, "मॅडम, बीपीची गोळी घेतली का आज?"

यंदा ती रेघ मारताना हात जरा आखडला. कारण हे वाक्य माझ्याइतकं तोंडपाठ असलेलं माणूस बेळगावात दुसरं नसेल, आणि नेमकी तीच चूक मी माझ्या माहेरच्या घरात वर्षानुवर्षं करत आले होते.

आधी ते स्क्रॅम्बलिंग सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी एका कॉलेजात वायरलेस शिकवते. मोबाइलचा टॉवर बोलतो कसा आणि फोन ऐकतो कसा, हा माझा विषय. टॉवर जे काही बोलतो ते सगळं हवेत एकत्रच सुटतं. काही संदेश सगळ्यांसाठी असतात, की बाबांनो, मी अमका टॉवर, माझ्याशी असं जोडून घ्या. काही एकाच फोनसाठी असतात, की तुला कॉल आलाय, उचल. पण येतं सगळं सगळ्यांच्याच कानावर. म्हणून टॉवर प्रत्येक संदेश सोडायच्या आधी एका नंबरानं कालवून टाकतो. सगळ्यांसाठीचा असेल तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या नंबरानं. एकट्याचा असेल तर त्या फोनला टॉवरनं दिलेल्या त्याच्या स्वतःच्या नंबरानं. फोन जे येईल ते आपल्या नंबरानं उलगडून बघतो. उलगडलं तर आपलं, नाही तर नुसती खरखर, द्या सोडून. त्यामुळं एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यात घुसत नाही. स्क्रॅम्बलिंगचं काम एवढंच. लपवायचं असेल तर त्याला वेगळं कुलूप लावावं लागतं, कारण नंबर काय, कुणालाही हुडकता येतो. फक्त बरेच दिवस कान देऊन बसावं लागतं.

पोरांच्या डोक्यात हे उतरावं म्हणून मी आमच्या घरातल्या भाषेचं उदाहरण द्यायची. च-ची भाषा तुम्हीही लहानपणी बोलला असाल. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. पाणी म्हणजे चाणीप, भाकरी म्हणजे चाकरीभ. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत ती शेंबड्या पोरालासुद्धा यायची, त्यामुळं तिचा उपयोग शून्य. आणि नुसती भाषा बदलून तर आमच्याकडं काहीच लपत नाही. मराठीत कुजबुजावं तर कानडी शेजारीण खिडकीतून मराठीतच विचारते, काय झालं गं? कानडीत बोलावं तर मराठी दुकानदार कानडीत उत्तर देतो.

आमचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत माग, मधल्या खोलीत आम्ही. सूत देणारे, साड्या न्यायला येणारे, मागाचं काम करणारे, सतत कुणी ना कुणी घरात. घरातलं घरात बोलायचं कसं? मग आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शक्कल काढली. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक अक्षर दिलं. आईला ठ दिलं, कारण तिचा दिवस मागाच्या ठकठकीत जायचा. मला फ, कारण मी बशीतला चहा फू फू करत प्यायची. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, ढ दिलं. ते का, ते सांगायला नको. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या अक्षरानं बोलायचं. आईकडं पाणी मागायचं तर ठाणीप, माझ्याकडं मागायचं तर फाणीप. सगळ्या घराला हाक द्यायची तर साधा च. चार माणसं समोर बसलेली असताना आई मला भराभरा फ-मधून काय काय सांगायची आणि त्या माणसांच्या तोंडावर नुसती खरखर असायची.

वर्गात हे सांगितलं की पोरं खूश. घटकाभर सगळा वर्ग आपापली अक्षरं ठरवत बसायचा. एखादी पोरगी विचारायची, "मॅडम, अजून बोलता घरात?" मी ऐटीत सांगायची, "बोलतो तर! आई आणि मी रोज."

त्या घरात वहिनी आली. बोरगावकडची. तिच्या माहेरी तंबाखूची शेती, माग कधी बघितलेलासुद्धा नाही. पहिले काही दिवस मागाच्या आवाजानं तिचं डोकं दुखायचं, पण कुरकुर केली नाही. आईशेजारी बसून मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला शिकली. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा विणकराच्या घरात माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, तेही शिकली.

आईला ती ‘आत्या’ म्हणायची आणि मला पहिल्या दिवसापासून ‘वन्सं’. नणंदेला वन्सं म्हणणं आता मागं पडलं. माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या भावजया त्यांना ताई म्हणतात. मी एकदा तिला म्हटलं, "काय गं वहिनी, वन्सं म्हणतीस, मी काय जुन्या नाटकातली हाय काय?" ती म्हणाली, "ताई मला माहेरी दोन हाइत. वन्सं एकच."

त्यावर मी हसले. खरं तर मला ते आवडलं होतं, पण बोलून दाखवलं नाही. माझं लग्न बेळगावातच झालेलं, त्यामुळं सुट्टी आली की मी माहेरी. दारात पाऊल टाकलं की आतून हाक यायची, "वन्सं, तुमच्यासाठी शेंगाची पोळी ठेवलीया." "वन्सं, ती निळी साडी आणा तुमची, फॉल लावून देते." तिचा हात मशिनवर चांगला बसलेला होता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीन ठेवून ती फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची.

तिला अक्षर मात्र मिळालं नाही.

विसरलो, असं म्हणून सुटता आलं असतं. पण विसरलो नव्हतो. आप्पा तिच्या लग्नाआधीच गेले होते, तेव्हा अक्षर द्यायचं ते आम्हीच. एकदा अण्णा म्हणालाही, "हिला पण एक अक्षर द्या की गं." आई म्हणाली, "बघू." मी म्हणाले, "तिला काय करायचंय अक्षर?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. खरं कारण आईला आणि मला, दोघींनाही ठाऊक होतं. तिला अक्षर दिलं तर मग तिच्याबद्दल बोलायचं कुठल्या भाषेत?

आणि बोलायचो. जळ्ळं मेलं ते बोलणं, आता आठवलं की कान तापतात. ती समोर कांडी भरत बसलेली असायची आणि आम्ही माय-लेकी तिच्या डोक्यावरनं बोलत असायचो. आमटीत मीठ जास्त झालंय इथपासून, तिचा भाऊ दिवाळीला रिकाम्या हातानं आला इथपर्यंत. लग्नाला काही वर्षं झाली आणि पाळणा हलेना, तेव्हा ते दवाखाने, ते उपास, ती संकेश्वरची कुणी औषध देणारी बाई, सगळं आम्ही ठ आणि फ-मध्ये चघळलं. मधूनच आई साध्या मराठीत म्हणायची, "चहा टाक गं जरा." तेवढं सगळ्यांसाठीचं बोलणं वहिनीच्या वाट्याला. ती उठून चहा टाकायची. कपात साखर माझ्या बेताची असायची.

पुढं माग बंद पडले. अण्णा उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला लागला, माग भंगारात गेले आणि पुढची खोली मोकळी पडली. फरशीत मागाचे पाय रुतलेल्या जागा तेवढ्या राहिल्या. माग थांबले तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली. इतकी वर्षं आवाजात सगळेच ओठ बघून बोलत होतो, म्हणून लक्षात आलं नाही. आईचे कान गेले होते.

साधं बोलणं ती अजून ओळखायची, थोडं ऐकून, थोडं ओठ बघून. पण आमच्या भाषेत तिचा गोंधळ व्हायचा. उलटंपालटं केलेला शब्द नीट ऐकू आला तरच सुलटा करता येतो. म्हणजे मग मी काय करायची, मोठ्यानं बोलायची. गुपित, आणि तेही बोंबलून! मला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. वायरलेस शिकवणाऱ्या बाईला एवढं कळू नये? पण नाही कळलं बघा.

गेल्या उन्हाळ्यात वहिनीनं आईकडं पुढची खोली मागितली. घर आईच्या नावावर. तिला तिथं मशीन टाकायचं होतं, रस्त्याच्या दाराला लहानशी पाटी लावायची होती. आयुष्यात त्या घरात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. आई म्हणाली, "लेकीला इचारून सांगते." म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

मी रविवारी गेले तेव्हा वहिनी मधल्या खोलीत मेथी निवडत होती. अण्णा कामावर होता. मी बसते न बसते तोच ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही आत्यांना सांगा की. बायकांना आत स्वयंपाकघरापर्यंत यायला अवघडतंय. पुढं दार रस्त्याला हाय, चार बायका जास्त येतील. मला बी दिवसभर काय तरी आपलं असल्यागत वाटंल."

एवढं बोलताना तिचे कान लाल झाले होते. मेथीची जुडी घेऊन ती उठली आणि भाकरी टाकायला आत गेली. स्वयंपाकघराला पडदा आहे, दार नाही.

मला ती खोली कशाला हवी होती? कशालाच नको होती. पण माहेर म्हटलं की बाईचं डोकं कसं चालतं बघा. आप्पांची खोली, आप्पांचे माग, आणि आता तिथं हिची पाटी! आज खोली, उद्या घर. मी आईकडं वळले आणि आईच्या अक्षरात म्हणाले,

"ठिलाह ठूलम ठान ठाळब. ठुकानद ठुणासाठीक?"

आईनं हात कानामागं धरला. "काय म्हणालीस?"

मी आवाज चढवून पुन्हा म्हणाले.

"आँ? ठुका... काय? कळंना झालंय गं मला."

मला चीड आली. माझं हे असंच, कुणाला पटकन कळलं नाही की माझा पारा चढतो, मग तो वर्ग असो नाहीतर आई. तिसऱ्यांदा मी सगळं वाक्य अक्षरशः ओरडून म्हणाले. गल्लीत खेळणारी पोरं थांबली असतील.

पडदा सरला आणि वहिनी बाहेर आली. हाताला पीठ. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आईसमोर उकिडवी बसली, आईच्या गुडघ्यावर मनगट टेकलं, मागाच्या आवाजात बोलायची तशी आईला आपले ओठ दिसतील अशी मान वर केली, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"आत्या, वन्सं म्हणत्यात, हिला मूल ना बाळ, दुकान कुणासाठी?"

आईनं सवयीनं मान हलवली. "व्हय व्हय, कळलं."

आणि मग तिला खरंच कळलं. तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. वहिनी उठली आणि आत गेली. तव्यावरची भाकरी करपली नव्हती, तिनं वेळेत उलटली.

खोटं कशाला बोलू, आधी मला रागच आला. हिला येतं! आमचं चोरून ऐकत होती! एवढी वर्षं गप्प बसून ऐकत होती, काय आतल्या गाठीची बाई! एवढं सगळं मनात बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की चोरून ऐकायला मी कुठं हळू बोलत होते? ती तिच्या स्वयंपाकघरात होती. तिच्या घरात होती. बोंबलत होते ती मी.

मग लाज वाटली. मला आमटीतलं मीठ आठवलं, तिचा भाऊ आठवला, संकेश्वरची बाई आठवली. एकेक वाक्य आठवत गेलं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती समोर बसलेली, कांडी भरताना, मान खाली घातलेली. दोन लेकरांची आई मी, आणि तिच्या रिकाम्या ओटीबद्दल तिच्यासमोर बसून, तिनं केलेला चहा पीत बोलत होते. फोनच्या बाबतीत मी काय शिकवते? ऐकू सगळं सगळ्यांनाच येतं. हे मी शिकवते!

थोड्या वेळानं आतून हाक आली, "जेवायला चला."

आम्ही दोघी गेलो. तिनं वाढलं. नेहमीसारखंच वाढलं, ताटात काही कमी नव्हतं. पानात काही टाकायची माझी हिंमत नव्हती. आई जेवता जेवता एकदम बोलली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"खोली तुझी. कुणाला इचारायचं न्हाय."

वहिनी म्हणाली, "राहू दे आत्या. मला नको आता."

आणि तिला ती खरंच नको झाली. पुढच्या आठवड्यात अण्णाचा फोन आला. "तू काय बोललीस गं तिला? बोरगावला भावाच्या घराशेजारी गाळा हाय म्हणती, तिथंच मशीन टाकते म्हणती. मला म्हणती, तुम्ही शनवारी येत जावा. काय झालंय ते सांगंना झालीया." म्हणजे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं ते मलाच. मी साध्या मराठीत सगळं वाक्य त्याला सांगितलं. ज्याला आम्ही जन्मभर ढ म्हणून चिडवलं त्या माझ्या भावानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्षर द्या म्हणून मी म्हणालतो," आणि फोन ठेवला.

मी गेले. न जाऊन कुठं जाणार? स्वयंपाकघरात ती मशिनवर बसली होती, कुणाच्या तरी साडीला पिको करत. मी दारातच उभी राहिले.

"वहिनी, माझं चुकलं."

तिनं पाय थांबवला.

"कधीपासून कळतंय तुला?"

"लगीन झाल्यावरच्या पहिल्या दिवाळीपासनं." मग साडीची कड सारखी करत म्हणाली, "अवघड न्हवतं. आत्यांशी बोलताना सगळं ठ, तुमच्याशी बोलताना सगळं फ. कांड्या भरताना हाताला काम असतंय, डोक्याला कुठं असतंय?"

"मग बोलली का नाहीस गं? एकदा तरी म्हणायचंस, मला कळतंय म्हणून!"

आता बघा, माफी मागायला गेलेली मी, आणि माझाच आवाज चढलेला. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही.

वहिनीनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मला वाटलेलं, कवातरी मला बी अक्षर द्याल. दिल्यावर लगेच कळाय पायजे, अडाण्यागत काय काय म्हणून इचारत बसाय नको. म्हणून शिकून ठेवलतं."

आमच्याबद्दलचं ऐकण्यासाठी नाही, आमच्यात यायचं म्हणून ती शिकली होती. आणि शिकल्यावर तिला काय ऐकायला मिळालं तर ते. मला रडू आलं. तिच्यासमोर रडायचासुद्धा मला काही अधिकार नव्हता, पण आलं. आणि त्या रडण्यात मी एक मूर्खपणाचं वाक्य बोलले.

"आता घे की गं अक्षर. तुला कुठलं पाहिजे ते घे."

ती हसली. टोचून नाही, लहान पोर काही तरी वेडं बोललं की हसतात तसं.

"नको आता. मला साधं बोललेलं कळतंय," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

बोरगावचा गाळा टळला तो माझ्यामुळं नाही, आईमुळं. आईनं एक दिवस पुढची खोली स्वतः उघडली. झाडली, पुसली, आणि मधोमध स्टूल टाकून बसली. चहाला येईना. अण्णा बोलवायला गेला तर म्हणाली, "मशीन इथं आण, मग येते." दुसऱ्या दिवशी तेच. जेवण झालं की पुढच्या खोलीत स्टुलावर. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, आजी, काय मोर्चा काढलाय काय? आई त्यांना ओरडून सांगायची, "माझी सून दुकान घालणार हाय हितं!" शेवटी वहिनीलाच हसू आलं. ती म्हणाली, "आत्या, उठा, लोक मला नावं ठेवतील." खंडेनवमीला आमच्याकडं पूर्वी मागाची पूजा व्हायची. यंदा त्याच जागेवर मशिनची झाली.

आईशी मी आता ठ-मधून बोलत नाही. एकदा चुकून सुरुवात केली तर तिनं हात हलवला. "मला न्हाय कळत ते आता." कानानं कळत नाही की कळून घ्यायचं नाही, ते मी विचारलं नाही.

यंदा वर्गात स्क्रॅम्बलिंगचा तास आला तेव्हा पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, ती तुमच्या घरची भाषा सांगा की. सिनियर सांगत होते." मी म्हटलं, "आता कुणी बोलत नाही." आणि फळ्याकडं वळून ते वाक्य लिहिलं, त्याच्याखाली रेघ मारली.

दिवाळीनंतर मी माहेरी गेले ती एक नवी साडी घेऊन. फॉल लावायचा होता. खरं सांगायचं तर फॉल दुसरीकडंही लावून मिळाला असता. पण मला बोलायला काही तरी कारण पाहिजे होतं. इतक्या दिवसांत वहिनी माझ्याशी भांडली नव्हती, रुसली नव्हती. घरात गेले की चहा मिळायचा, जेवण मिळायचं. ‘चहा झालाय.’ ‘जेवायला चला.’ सगळ्या घराला जे सांगायची ते माझ्याही कानावर यायचं. शेंगाची पोळी केलेली असायची, सगळ्यांसाठी केलेली. कुठंतरी काहीतरी राहतंय असं मला वाटायचं, पण काय ते कळत नव्हतं.

त्या दिवशी मी मागच्या दारानं न जाता रस्त्याच्या दारानं, दुकानात गेले. चार बायका बाकावर बसल्या होत्या. कोपऱ्यात स्टुलावर आई, दोरे वेगळे करत. मशिनवर वहिनी, तोंडात टाचणी, गळ्यात टेप. तिची खोली, तिची पाटी, तिची गिऱ्हाइकं. बघून मला खरंच बरं वाटलं. मी पिशवीतून साडी काढली आणि दारात उभी राहिले. एक बाई आपला ब्लाउज घेऊन उठली, तिला वहिनी म्हणाली, "या आक्का, परत या." आमच्या बेळगावात दुकानात आलेली प्रत्येक बाई आक्काच असते.

मग तिनं मान वर केली. मला बघितलं. तोंडातली टाचणी काढली, आणि बाकावर रिकाम्या झालेल्या जागेकडं हात करून हसून म्हणाली,

"या आक्का, बसा."

मी बसले. माझ्या पुढं तीन बायका होत्या.